पैलतीरावरची राजधानी

बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. पत्र लहान, अक्षर वळणदार आणि प्रश्न अगदी नेमका. त्यांचे जावई औषधांच्या एका कंपनीतर्फे वर्षभरासाठी आफ्रिकेतील किन्शासा येथे गेले आहेत. कामानिमित्त महिन्यातून एक-दोन वेळा ब्राझाव्हिल येथे जावे लागेल, असे त्यांनी पत्नीला कळविले आणि तिने ते आईला सांगितले. त्यावर या भगिनी लिहितात : "दोन्ही निरनिराळ्या देशांच्या राजधान्या आहेत, एवढे नातवाच्या नकाशात पाहून समजले. पण नकाशात दोन्ही टिंबे एकमेकांवर चढलेली दिसतात. ही छपाईची चूक आहे काय? दोहोंत अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो, आणि सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी मुक्कामी परततो की नाही, एवढे कृपा करून कळवावे."

पत्रातील शेवटचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, हे सांगायला नको. पण तेथवर पोहोचण्यासाठी वाट जरा वाकडी करावी लागेल.

छपाईची चूक मुळीच नाही. चूक नसल्यामुळेच नकाशा काढणाऱ्याची पंचाईत झालेली आहे. किन्शासा ही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी आणि ब्राझाव्हिल ही काँगो प्रजासत्ताकाची. नावांचा हा घोळ साहेबांनी घालून ठेवलेला. एका काठावर बेल्जियमचा अंमल, दुसऱ्या काठावर फ्रान्सचा; आणि दोघांनीही मुलखाला नदीचेच नाव दिले. १९६० साली दीड महिन्याच्या अंतराने दोघेही स्वतंत्र झाले तेव्हा दोघांनीही तेच नाव पुढे चालविले. पुढे काही वर्षे जगाला देशाच्या नावापुढे राजधानीचे नाव जोडून त्यांची ओळख ठेवावी लागली. रोम आणि तिच्या पोटातील व्हॅटिकन सोडले, तर एकमेकींच्या इतक्या जवळ असलेल्या दोन राजधान्या पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या नाहीत. शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली, तर सहा-सात किलोमीटर भरतात. मधे काँगो नदी. जेथे तिचे पात्र आवळते तेथे ते दीड-दोन किलोमीटर आहे. एका धक्क्यापासून दुसऱ्या धक्क्यापर्यंतचा जलमार्ग तीन-चार किलोमीटरांचा. संध्याकाळी एका काठावर उभे राहिले, की दुसऱ्या देशाच्या उंच इमारतींतील दिवे दिसतात.

आता विमानाचे. किन्शासाचा न्जिली विमानतळ शहराच्या पूर्वेस, मध्यवस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर आहे. ब्राझाव्हिलचा माया-माया विमानतळ मात्र शहराच्या अंगणातच म्हणावा असा. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २६ किलोमीटर. तासाला आठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर दोन मिनिटांचे होय. पण तो वेग गाठण्याआधीच उतरण्याची वेळ येते. वर चढणे, वळसा घेणे, धावपट्टीच्या रोखाने येणे हे सारे धरून दहा-पंधरा मिनिटे हवेत जातात. वेळापत्रकात त्याहून अधिक वेळ दाखवितात, कारण जमिनीवरची सरपटही त्यात मोजलेली असते. दूरच्या मार्गावरील एखादे विमान एका राजधानीत उतरून पुढे दुसरीत उडी मारते, अशी सोय वेळोवेळी असते. ती कायमची मानू नये.

या हिशेबात गंमत कोठे आहे ती पाहा. किन्शासाच्या मध्यवस्तीत राहणाऱ्या माणसाने विमानाने ब्राझाव्हिलला जायचे ठरविले, तर आधी त्याला ब्राझाव्हिलकडे पाठ फिरवून वीस-पंचवीस किलोमीटर पूर्वेला जावे लागते. किन्शासाची वस्ती दीड कोटीच्या वर आणि विमानतळाचा मुख्य रस्ता एकच, तोही वाहनांनी तुंबलेला. मग दोन-तीन तास आधी हजर राहणे, सामानाची तपासणी, पारपत्रावर शिक्का; त्यानंतर ती दहा-पंधरा मिनिटांची उडी; आणि उतरल्यावर पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. अर्धा दिवस संपला. जेथून तो निघाला तेथील गच्चीवरून त्याला ब्राझाव्हिल सकाळीच दिसत होते!

रस्त्याने जावे म्हणाल, तर दोन्ही शहरांमध्ये पूल नाही. नदीवरचा सर्वांत जवळचा मोठा पूल समुद्राच्या बाजूला, साडेतीनशे किलोमीटर खाली मातादी येथे आहे. जपानी मदतीने बांधलेला तो ७२२ मीटरांचा झुलता पूल १९८३ मध्ये खुला झाला. समोरच्या घरी जाण्यासाठी एवढा वळसा कोण घेणार? म्हणून खरा मार्ग उरतो तो पाण्याचा. लहान वेगवान होडी दहा-पंधरा मिनिटांत पैलतीराला लावते. मोठ्या फेरीबोटीला त्याहून बराच अधिक वेळ लागतो.

एवढी मोठी दोन शहरे समोरासमोर वसली आणि पूल तेवढा झाला नाही, हे नवल वाटते. त्याचे मूळ नदीच्या स्वभावात जितके आहे तितकेच माणसांच्या लोभात आहे. काँगो नदी सुमारे ४,७०० किलोमीटर लांबीची. ती विषुववृत्त दोनदा ओलांडते आणि पाण्याच्या बाबतीत ॲमेझॉनच्या खालोखाल तिचाच क्रम लागतो. या दोन शहरांच्या जरा वर ती फुगून सरोवरासारखी होते. या विस्ताराला आज मालेबो म्हणतात. पूर्वी त्याला स्टॅन्लेचे नाव होते. शहरे ओलांडली, की लगेच खडकाळ धबधब्यांची रांग लागते आणि मातादीपर्यंत नदी सुमारे २७० मीटर खाली उतरते. तेथे कोणतेही जहाज चालत नाही. म्हणजे आफ्रिकेच्या पोटातून हजारो किलोमीटर नावेने आलेला माल येथे उतरवावाच लागतो. असे ठिकाण व्यापाऱ्याच्या आणि राजाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

१८८० मध्ये फ्रान्सच्या आरमारातील, पण जन्माने इटालियन असलेला पिएर द ब्राझा उत्तरेकडून येथे पोहोचला आणि तेके लोकांचा राजा माकोको याच्याशी त्याने तह केला. काठावर फ्रेंच निशाण लावून त्याच्या रक्षणासाठी त्याने मालामीन कामारा नावाच्या सेनेगाली सार्जंटला मोजक्या साथीदारांनिशी मागे ठेवले. दुसऱ्या वर्षी बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या वतीने हेन्री स्टॅन्ले तेथे आला. त्याच्यापाशी माणसे, सामान, पैसा, सगळेच अधिक. पण मालामीनने त्याला निशाण दाखविले, तहाचा कागद दाखविला आणि तो जागचा हलला नाही. स्टॅन्लेला समोरचा काठ धरावा लागला. तेथे त्याने जे ठाणे वसविले त्याला लिओपोल्डव्हिल हे नाव दिले. तेच आजचे किन्शासा. इतिहासाच्या पुस्तकांत ब्राझा आणि स्टॅन्ले यांची चरित्रे विस्ताराने सापडतात. मालामीनला मात्र चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. आमच्या मते नदीचे दोन देश झाले ते त्या दिवशी, त्या एका आफ्रिकी सार्जंटच्या हट्टामुळे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर जे झाले ते त्यावरचे शिक्कामोर्तब होते.

लिओपोल्डचे नाव १९६६ मध्ये शहरावरून पुसले गेले. ब्राझाचे मात्र राहिले. फ्रेंच काँगोत गोऱ्या कंपन्यांनी चालविलेल्या जुलमाची चौकशी करण्यासाठी १९०५ मध्ये तो उतारवयात पुन्हा गेला आणि परतीच्या वाटेवर डाकार येथे मरण पावला. त्याचा अहवाल सरकारने दडपला. २००६ मध्ये त्याच्या अस्थी अल्जीयर्सहून आणून ब्राझाव्हिलमध्ये भव्य स्मारकात ठेवल्या. त्या खर्चावरून तेथे टीकाही झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

दोन निशाणे झाली म्हणून सर्व गोष्टी दोन-दोन कराव्या लागल्या. धबधबे टाळून समुद्र गाठण्यासाठी बेल्जियमच्या बाजूने मातादी ते लिओपोल्डव्हिल अशी आगगाडी १८९० ते १८९८ या काळात बांधली. ती सुरू होण्यापूर्वी, १८९० मध्येच, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला जोसेफ कॉनरॅड बोटीवरील नोकरीसाठी हा टप्पा पायी चालला होता. त्याला महिन्याहून अधिक काळ लागला. फ्रेंचांना शेजाऱ्याच्या गाडीने माल नेणे कमीपणाचे वाटले. त्यांनी ब्राझाव्हिलपासून प्वांत-न्वार बंदरापर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटरांची आपली स्वतंत्र आगगाडी १९२१ ते १९३४ या काळात घातली. दूरदूरच्या मुलखांतून सक्तीने माणसे धरून आणली. त्या कामावर निदान सतरा हजार मजूर मेले, असे मानतात. एकाच नदीच्या मालासाठी, जवळजवळ समांतर दोन आगगाड्या आणि दोन बंदरे. आज २६ किलोमीटरांवर दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत, ते त्याच परंपरेतले.

नदीच्या दोन्ही धक्क्यांना तेथे "बीच" म्हणतात. नावावरून वाळूचा किनारा आणि शहाळी डोळ्यांपुढे आणू नयेत. गर्दी, आरडाओरड, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, जकातीचे लोक आणि दलाल, असा तो परिसर आहे. लिंगाला ही बोली दोन्ही काठांवर चालते; फ्रेंच दोन्हीकडे कचेरीची भाषा. चलन मात्र निराळे. एका बाजूला काँगोली फ्रँक, दुसऱ्या बाजूला मध्य आफ्रिकेतील सहा देशांचा सामाईक फ्रँक, जो युरोशी बांधलेला असल्यामुळे स्थिर राहतो. भावांतील हा फरक आणि मालाची टंचाई यांवर दोन्ही काठांच्या किरकोळ व्यापाऱ्यांचा संसार चालतो.

या धक्क्यावरचे एक दृश्य अनेकांनी लिहून ठेवले आहे. मोबुटू यांच्या राजवटीत अपंगांना फेरीबोटीच्या भाड्यात सवलत मिळाली आणि जकातीवाल्यांनीही त्यांच्या बाबतीत हात सैल सोडला. त्यातून एक संपूर्ण धंदा उभा राहिला. पोलिओने पाय गेलेली माणसे मोठाल्या तीनचाकी गाड्यांवर पोती, पेट्या रचून नदी ओलांडू लागली; अंध माणसे हात धरणाऱ्या साथीदारांसह. व्यापारी आपला माल त्यांच्या हवाली करीत. त्यांनी आपल्या संघटनाही बांधल्या. सरकारने दया म्हणून दिलेल्या सवलतीचे या मंडळींनी भांडवल केले आणि भीक न मागता मुलांची शिक्षणे केली. पुढे नियम कडक झाले, तपासणी वाढली आणि तो धंदा पुष्कळच ओसरला. त्याला चोरटा व्यापार म्हणणारे आहेत. असेलही. पण आम्हांस त्याचे वाईट वाटले, हे लपवीत नाही.

नदी जवळ आहे म्हणून संकटात पैलतीराचा आधार वाटतो. आणि तो आधार केव्हा तुटेल याचा नेम नसतो. मे १९९७ मध्ये मोबुटूंची सत्ता कोसळली तेव्हा त्यांचे सरदार होड्यांनी ब्राझाव्हिलला पळाले. त्यानंतर महिनाभरातच ब्राझाव्हिलमध्ये यादवी पेटली आणि तेथील सामान्य माणसे उलट दिशेने किन्शासाला आली. तोफांचे काही गोळेही नदी ओलांडून किन्शासात पडले व माणसे मेली. १९९९ मध्ये, परत येण्यास आता भय नाही असे सांगितल्यावरून जे ब्राझाव्हिलला परतले, त्यांच्यापैकी साडेतीनशेंहून अधिक माणसे धक्क्यावरून नेली गेली ती पुन्हा कोणास दिसली नाहीत. त्यांचे आप्त अजून न्याय मागत आहेत. २०१४ मध्ये ब्राझाव्हिलच्या पोलिसांनी कागदपत्रे नसलेल्या परकीयांना हुसकावण्याची मोहीम काढली. लिंगालात तिला दिलेल्या नावाचा अर्थ "वडीलधाऱ्यांची थप्पड" असा होतो. थोड्या आठवड्यांत सव्वा लाखाहून अधिक माणसे किन्शासाच्या धक्क्यावर येऊन उतरली. त्यांतील कित्येकांचे संसार ब्राझाव्हिलमध्ये वर्षानुवर्षे मांडलेले होते. एका काठाची सून, दुसऱ्या काठाचा नवरा, अशी घरे मधोमध चिरली गेली. बोट तीच, भाडे तेच, मिनिटेही तेवढीच. पण परतीची वाट बंद.

सीमाभागातील आमच्या वाचकांना, ज्यांची सोयरीक रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांना यातील दुःख अधिक लवकर उमगेल. सुदैव एवढेच, की आपल्याकडे बेळगावहून कोल्हापूरला जाताना कोणी पारपत्र मागत नाही.

संगीताला मात्र ही नदी कधी अडली नाही. रुम्बा नावाचे तेथील नाचगाणे दोन्ही काठांचे समाईक. ब्राझाव्हिलचा वादक जाँ-सेर्ज एसू हा १९५६ साली समोरच्या काठावर फ्रँकोच्या प्रख्यात वाद्यवृंदाच्या स्थापनेत होता, आणि १९५९ मध्ये परत येऊन त्याने सोबत्यांसह स्वतःचा संच उभारला. २०२१ मध्ये युनेस्कोने रुम्बाला जागतिक वारशात घेतले, तेव्हा अर्ज दोन्ही देशांनी मिळून केलेला होता. दोन सरकारांनी एका कागदावर सह्या केल्या, हेच त्यातले आश्चर्य.

पुलाचे काय, असे कोणी विचारील. बोलणी फार जुनी आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये आफ्रिकी विकास बँकेच्या पुढाकाराने करारही झाला : १,५७५ मीटर लांबीचा, मोटारी व आगगाडी दोन्ही जातील असा पूल, शहरांच्या बऱ्याच वरच्या अंगाला मलुकूजवळ. हा मजकूर लिहीपर्यंत तो उभा राहिलेला नाही. पैशाची अडचण आहेच. पण किन्शासाच्या बाजूला आणखी एक भय आहे : पूल झाला, की माल ब्राझाव्हिलमार्गे प्वांत-न्वारच्या खोल बंदराकडे वळेल आणि मातादीचे हमाल, ट्रकवाले, दुकानदार बसतील. हे भय खोटे म्हणता येत नाही. त्या देशाने समुद्रमुखाशी बनाना येथे स्वतःचे खोल बंदर बांधण्यास २०२२ मध्ये आरंभ केला, तो याच चिंतेतून. गोव्यातील वाचकांना ५ जुलै १९८६ चा दिवस आठवत असेल. मांडवीवरचा पूल कोसळला आणि पणजी-बेतीचा माणूस पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिला. पूल असण्याची किंमत त्यांना त्या पावसाळ्यात कळली. काँगोकाठच्या लोकांनी तो कधी पाहिलाच नाही.

आता आमच्या भगिनींच्या मूळ प्रश्नाकडे. सकाळी गेलेला माणूस संध्याकाळी परततो का? परततो, पण त्याने चार गोष्टी पाहिल्या पाहिजेत. नदीवरची प्रवासी वाहतूक दिवसाउजेडी चालते, रात्री बंद असते. शेवटची होडी केव्हा सुटते ते जातानाच विचारून ठेवावे. तेथील रहिवाशांना एका तात्पुरत्या परवान्यावर जाता येते, परदेशी माणसाला पारपत्र व दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. त्यातही व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर नदी ओलांडताच तो खर्ची पडतो आणि संध्याकाळी आपल्याच बिछान्याशी जाण्यास नवा व्हिसा लागतो. म्हणून अनेक प्रवेशांचा घ्यावा. पीतज्वराच्या लशीचा दाखला खिशात असावा. आणि घड्याळाचे काटे फिरविण्याची गरज नाही : दोन्ही राजधान्यांची वेळ एकच, आपल्याहून साडेचार तास मागे. बडोद्यास रात्रीचे साडेआठ झाले, की तेथे दुपारचे चार. त्या वेळी जावयांचा फोन आला नाही, तर ते अजून रांगेत आहेत असे समजून जेवून घ्यावे.

हा मजकूर छापण्यास देण्याच्या बेतात असतानाच त्यांचे दुसरे पत्र आले. जावई पहिल्यांदा जाऊन आले. होडीत बारा मिनिटे लागली, धक्क्यावर दोन्हीकडचे मिळून साडेतीन तास. काम संपवून निघताना त्यांचाच वेळेचा अंदाज चुकला, शेवटची होडी सुटली आणि रात्र ब्राझाव्हिलच्या एका हॉटेलात काढावी लागली. तेथून त्यांनी मुलीला फोनवर सांगितले, की खिडकीतून समोर किन्शासा दिसते आहे. आपण राहतो ती इमारतही ओळखू येते, आणि सकाळी घाईत निघताना खोलीतला दिवा बहुधा तसाच जळत राहिला असावा.